दुधाळ्याची वेधशाळा डोंगरकड्याशी कोणत्या भाषेत बोलणार?

१० जुलै २०२४ची सकाळ. सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात जमीन हादरली. भूकंपाचे केंद्र रामेश्वर तांड्याच्या परिसरात होते आणि तीव्रता ४.५ इतकी नोंदली गेली. त्याच वर्षी २१ मार्चला भल्या सकाळी याच तालुक्याने लागोपाठ दोन धक्के सोसले होते. शेजारच्या वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना तर जमिनीखालून येणारे गूढ आवाज गेली काही वर्षे परिचयाचे झाले आहेत. डोंगरकडा हे याच पट्ट्यातले, ऊस, केळी आणि हळद पिकवणारे गाव. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट ज्यांच्या स्मरणात आहे, अशा मराठवाड्यातील माणसाला जमिनीच्या हुंकाराची भीती शिकवावी लागत नाही. तो अंगणात येतो, मुलाबाळांना जवळ घेतो आणि विचारतो, ‘हे कशाने झाले?’ उत्तरादाखल भ्रमणध्वनीवर एक आकडा येतो, ४.५. त्या आकड्याचा अर्थ त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे, जगातील अत्यंत संवेदनशील वेधयंत्रांपैकी एक उभे राहत आहे. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेसर आणि टोकाला टांगलेले आरसे. अब्जावधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर त्या आघाताने अवकाशात उठणारी लहर पृथ्वीवरून जाताना या आरशांतील अंतर किंचित बदलते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्याही सूक्ष्म अंशाइतके. तो बदल मोजणे हे या यंत्राचे काम. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली.

म्हणजे ज्या जिल्ह्यातील माणसाला पायाखालच्या धक्क्याचा अर्थ कोणी सांगत नाही, त्याच जिल्ह्यात विश्वाच्या टोकाकडून आलेला धक्का मोजला जाणार आहे! ही विसंगती आहे की संधी, याचे उत्तर वेधशाळेच्या बांधकामावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच ती कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलणार यावरही आहे.

हे म्हटले की दोन प्रकारची मंडळी लगेच पुढे येतात. पहिली मंडळी म्हणतात की, ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जाने गांजला आहे, तिथे ही चैन कशाला? हा आक्षेप नवा नाही. १९६०च्या दशकात थुंब्याहून पहिले अग्निबाण उडाले तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला होता. त्याच कार्यक्रमाच्या पोटातून आलेले उपग्रह आज चक्रीवादळाची आगाऊ सूचना देतात. गरिबाने ज्ञानाची आकांक्षा धरू नये, हा विचार दिसायला कनवाळू असला तरी मुळात अपमान करणारा आहे. त्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

दुसरी मंडळी अधिक विद्वान आणि म्हणून अधिक घातक. त्यांच्या लेखी वेधशाळेचे मोल म्हणजे तिच्या नावे किती शोधनिबंध निघाले आणि ते जगात किती जणांनी उद्धृत केले, एवढेच. भोवतालच्या गावांना काय कळले, हा प्रश्न त्यांना प्रसिद्धी खात्याचा वाटतो. या मंडळींनी थोडा इतिहास चाळावा. तो फार दूरचा नाही. हिंगोली ज्या राज्यात होती त्याच राज्याचा आहे.

हैदराबाद संस्थानात नवाब जफर जंग नावाच्या हौशी उमरावाने इंग्लंडहून दुर्बीण आणून १९०१ साली खासगी वेधशाळा उभारली. त्यांच्या निधनानंतर, १९०८ साली, ती निजाम सरकारने आपल्याकडे घेतली आणि ‘निजामिया वेधशाळा’ बेगमपेठेत नांदू लागली. त्या काळी पॅरिसच्या पुढाकाराने १८८७ साली एक प्रचंड आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला होता. सगळ्या आकाशाची छायाचित्रे घ्यायची आणि त्यांवरील प्रत्येक ताऱ्याचे स्थान मोजून यादी करायची. आकाशाचे पट्टे निरनिराळ्या वेधशाळांना वाटून दिलेले होते. चिली देशातील सान्तियागो वेधशाळेला तिचा पट्टा झेपला नाही. तो, म्हणजे दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा, हैदराबादने उचलला आणि तडीस नेला. एवढेच नव्हे तर पुढे जर्मनीतील पॉट्सडामच्या वाट्याच्या उत्तरेकडील पट्ट्याचेही काही काम केले. काचेच्या पट्टीवर उमटलेला एकेक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, त्याचे आडवे आणि उभे माप लिहायचे, मग पुढचा ठिपका. अशी काही लाख ताऱ्यांची मापे वर्षानुवर्षे घेतली गेली. चॅटवुड आणि पोकॉक या इंग्रज संचालकांनंतर टी. पी. भास्करन या भारतीय माणसाने दीर्घकाळ ती धुरा वाहिली. आज त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे?

हे काम वाया गेले असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. वेगवेगळ्या देशांतील त्या जुन्या मापांवरून पुढे सुमारे ४६ लाख ताऱ्यांची सूची सिद्ध झाली. युरोपने १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाच्या नोंदी या जुन्या नोंदींशी ताडून २००० साली ‘टायको-२’ ही सूची निघाली आणि २५ लाख ताऱ्यांची आकाशातील गती निश्चित झाली. तारा किती सरकला हे ठरवायचे तर तो पूर्वी कुठे होता हे ठाऊक असावे लागते, आणि आकाशाच्या त्या पट्ट्यापुरते ते हैदराबादने लिहून ठेवले होते. जवळजवळ पाऊण शतकानंतर फळाला येणारे संशोधन म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना. शोधनिबंध मोजणाऱ्यांच्या तराजूत निजामिया वेधशाळा पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होते.

आणि तरीही प्रश्न उरतो. त्या वेधशाळेचा खर्च कोणाच्या घामातून गेला? संस्थानचा खजिना भरत होता तो शेतसाऱ्यातून. तो भरणारी बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. परभणी जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या हिंगोलीतील शेतकरीही त्यात आला. त्याच्या मुलाला वरच्या वर्गात शिकायचे तर आपली भाषा उंबरठ्याबाहेर ठेवून जावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि वेधशाळा पुढे त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. मराठवाड्यात मातृभाषेतून आणि राष्ट्रीय वृत्तीने शिकवणाऱ्या अंबाजोगाई, हिप्परगा येथील शाळा लोकांनी स्वतःच्या हिमतीवर, सरकारी नजरेच्या धाकात चालवल्या. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपेपर्यंत बेगमपेठेच्या दुर्बिणीने अवघा एक पट्टा आकाश मोजून काढले होते. मात्र त्या आकाशाखालच्या मराठी खेड्यात त्या मापांतला एक आकडाही पोहोचला नव्हता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, कारण ती आजच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. निजाम सरकारने ‘दारुल तर्जुमा’ नावाचे भाषांतर कार्यालय काढले आणि गणित, पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, अभियांत्रिकी यांचे ग्रंथ उर्दूत आणवले. परिभाषा घडवली, त्यासाठी विद्वानांना पगार देऊन बसवले. भारतीय भाषेतून उच्च विज्ञान शिकवता येत नाही, या इंग्रजी अहंकाराला हैदराबादने चोख उत्तर दिले होते. अन्याय त्या प्रयोगात नव्हता. तो प्रयोग प्रजेच्या भाषांना नाकारून केवळ दरबाराच्या भाषेसाठी केला गेला, यात तो होता. राज्यकर्त्याच्या मनात आले तर दहा-पंधरा वर्षांत भाषा विज्ञानाला कशी सिद्ध करता येते, हे मराठवाड्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. मग स्वतंत्र देशात, स्वतःच्या राज्यात, मराठीसाठी ते का घडू नये? दरबार बदलला. दरबारी भाषाही बदलली, उर्दूच्या जागी इंग्रजी आली. डोंगरकड्याचा मुलगा मात्र आहे त्याच उंबरठ्यावर उभा आहे.

आपली परंपरा या बाबतीत काय सांगते? खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. शके ११२८ची, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट. आजच्या शब्दांत सांगायचे तर खगोलगणिताच्या संशोधन संस्थेला मिळालेले हे अनुदान. लेखातील वंशवर्णन आणि स्तुती संस्कृतात आहे. मात्र बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कोणता हक्क मठाला जायचा, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचे, हा तपशील मराठीत कोरलेला आहे. कारण उघड आहे. ज्याच्या घाण्यातून तेल जाणार, त्या तेल्याला ते समजले पाहिजे! आठशे वर्षांपूर्वीच्या एका मांडलिकाला जे सुचले, ते आज कोट्यवधींचे प्रकल्प आखणाऱ्या कार्यालयांना सुचायला हरकत नसावी.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रानेही हा धडा विसरला नव्हता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहगणिताची कोष्टके मराठीत सिद्ध केली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या टिळकांनी पुढे मृगशीर्षाच्या आधारे वेदांचा काळ शोधण्याचा उद्योग केला. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांच्यापाशी ना दुर्बीण, ना प्रयोगशाळा. पण त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली मराठीत निघाला आणि हिंदुस्थानच्या ज्योतिर्गणिताचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येईना. त्याचे इंग्रजी भाषांतर सरकारला स्वातंत्र्यानंतर करवून घ्यावे लागले. मराठीत लिहिले म्हणून जगाने दुर्लक्ष केले, ही सबब दीक्षितांनी खोटी पाडून ठेवली आहे.

याच्या उलट उदाहरणही घरचेच आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली ‘महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा’ उभी राहिली. तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी. कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने ती एकहाती चालवली. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून बसले आणि त्यांनी सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट टिपले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त झाली! यंत्रे खोक्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. पुण्यासारख्या विद्यानगरीतून देशातील सर्वांत मोठी दुर्बीण निघून गेली आणि तिला अडवायला शिष्यांची परंपरा उभी नव्हती. एका माणसावर आणि एका परभाषिक वर्तुळावर उभ्या राहिलेल्या संस्थेचे आयुष्य त्या माणसाच्या नोकरीइतकेच असते.

आता दुधाळ्याकडे वळू. लायगो म्हणजे परक्यांची यंत्रे आणि आपली जमीन, असा एक समज आहे. तो अर्धा खरा. यंत्राचे महत्त्वाचे भाग अमेरिकेतील हॅनफर्डच्या दुसऱ्या यंत्रासाठी बनवलेले आहेत आणि ते भारताला मिळणार आहेत. पण त्या यंत्राला ऐकायचे कसे हे शिकवण्यात भारतीय बुद्धीचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली, जगात कोठेही गुरुत्वीय लहर सापडलेली नसताना, गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत ओळखण्यासाठी गणिती चाळणी कशी निवडावी हे मांडले. दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येताना लहरीचे रूप नेमके कसे बदलेल, याच्या किचकट गणितात बंगळुरूच्या बाला अय्यर यांनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर आयुष्य वेचले. सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी तर १९७० सालीच दाखवून दिले होते की, डिवचलेले कृष्णविवर घंटेसारखे ठरावीक सुरांत निनादत शांत होते. १४ जानेवारी २०२५ रोजी लायगोने टिपलेल्या संकेतात तो निनाद पूर्वी कधी नव्हता इतका स्पष्ट ऐकू आला. विश्वेश्वरा त्याआधी आठ वर्षे हे जग सोडून गेले होते.

या सर्वांच्या मागे आणखी एक मराठी घर उभे आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर काशी हिंदू विश्वविद्यालयात सापेक्षतावाद शिकवत होते. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांचे, प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याला लागू पडणारे उत्तर शोधले. ते आज जगभर ‘वैद्य’ याच नावाने ओळखले जाते. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंतराव यांनी १९८८ साली आयुका उभारली. आणि हेच जयंतराव मराठीत विज्ञानकथा लिहीत होते. त्यांच्या शोधनिबंधांची संख्या त्यामुळे घटली असे त्यांच्या टीकाकारांनीही कधी म्हटले नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य घरांत आपला कोणी गेल्यासारखी हळहळ झाली. स्थिर विश्वाचा त्यांचा सिद्धांत त्यांतल्या किती जणांना समजला असेल? फार थोड्यांना. पण विश्वाचा विचार मराठीत करता येतो, हे त्यांनी सर्वांना समजावले होते.

इतकी पूर्वतयारी असलेल्या देशात पुढे काय घडले? १४ सप्टेंबर २०१५ला पहिली लहर सापडली, ११ फेब्रुवारी २०१६ला ती जाहीर झाली आणि सहाच दिवसांत, १७ फेब्रुवारीला, केंद्राने भारतातील वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. तत्परता कौतुकास्पद. त्यानंतर अंतिम मंजुरीला लागली सात वर्षे! दरम्यान इटलीतील व्हर्गो २०१७ साली जोडीला आली आणि जपानची कामिओका येथील वेधशाळा २०२० साली वेध घेऊ लागली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळले, तेव्हा अमेरिकेतील दोन आणि इटलीतील एक अशा तीन यंत्रांनी मिळून आकाशातील जागा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत हेरली. म्हणून जगातील सत्तरएक वेधशाळांना दुर्बिणी तिकडे वळवता आल्या आणि सोन्यासारखे जड धातू कोठे तयार होतात, याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. पृथ्वीच्या पाठीवर अमेरिका, युरोप यांपासून दूर, हिंगोलीच्या पठारावर आणखी एक यंत्र असते तर ती जागा कितीतरी अधिक नेमकी सापडली असती. ही सात वर्षे कोणत्या मेजावर गेली याचा हिशेब मागायला हवा, आणि सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून तो मागायचा थांबवू नये.

दुसऱ्याच्या भरवशावर राहण्यातील धोकाही आता उघडा पडला आहे. २०२६ या आर्थिक वर्षासाठी अमेरिकी प्रशासनाने जो अंदाजपत्रकी प्रस्ताव मांडला, त्यात लायगोच्या दोनपैकी एकच केंद्र चालवावे अशी सूचना होती. नोबेल मिळवून देणाऱ्या यंत्रावरही ही पाळी येऊ शकते. आरसे, लेसर, निर्वात यंत्रणा यांचे ज्ञान इंदूर, गांधीनगर आणि पुणे येथील संस्थांत मुरले पाहिजे ते याचसाठी. तारा आणि जाळी यांपासून हलकी, स्वस्त आणि भक्कम तबकडी बनवून गोविंद स्वरूप यांनी जुन्नर तालुक्यातील खोडद येथे तीस प्रचंड दुर्बिणी उभ्या केल्या. त्याच खोडदच्या नोंदींनी २०२३ साली, वर्षानुवर्षांच्या आंदोलनकाळाच्या अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा माग लावण्यात हातभार लावला. तो स्वदेशीचा कित्ता समोर आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण यात डोंगरकड्याचा काय संबंध? संबंध यंत्राच्या स्वभावातच आहे. हे यंत्र विलक्षण हळवे आहे. रस्त्यावरून जाणारा अवजड ट्रक, दूरची आगगाडी, खडी फोडणारे यंत्र, जोराचा वारा या सर्वांची थरथर त्याला जाणवते. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन केंद्राला भोवतालच्या जंगलातील लाकूडतोडीचा उपद्रव होतो. हॅनफर्डला एकदा नोंदींत चमत्कारिक टकटक उमटू लागली; शोध घेता कळले की थंड नळीवर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते! कावळ्याच्या चोचीने जे यंत्र विचलित होते, ते भोवतालच्या माणसांच्या सहकार्याविना एक दिवसही नीट चालणार नाही. दगडखाण येथे नको, अवजड वाहतूक या वेळी नको, असे उद्या आसपासच्या गावांना सांगावे लागेल. ते का सांगितले जात आहे हे गावकऱ्याला पटले नाही, तर तो का ऐकेल? ग्रामसभेत मराठी बोलणारा शास्त्रज्ञ हा दुधाळ्याच्या यंत्राचा आरशाइतकाच आवश्यक भाग आहे.

तामिळनाडूत काय घडले ते आठवावे. थेनी जिल्ह्यातील डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा बांधण्यास जानेवारी २०१५मध्ये सुमारे १,५०० कोटींची मंजुरी मिळाली. न्यूट्रिनो हे कण आपल्या शरीरातून क्षणोक्षणी अपरंपार संख्येने आरपार जातात आणि काहीही इजा करत नाहीत. परंतु हे गावाला गावच्या भाषेत, योग्य वेळी, विश्वासाच्या माणसाने सांगितले नाही. ती पोकळी किरणोत्साराच्या आणि अणुकचऱ्याच्या वावड्यांनी भरून काढली. राजकीय पुढाऱ्यांना आयता विषय मिळाला, न्यायालये झाली, हरित लवाद झाला, राज्य सरकारने विरोध नोंदवला आणि वेधशाळा कागदावरच राहिली. विज्ञानविरोधकांना दोष देणे सोपे आहे. पण मौन पाळणाऱ्या वैज्ञानिकांचे काय?

हिंगोलीत तर भूकंपाचे इंधन तयारच आहे. नळ्यांचे काम आणि जमिनीचे हादरे यांचा संबंध जोडून उद्या एखादा उठला आणि म्हणाला की, ‘या यंत्रानेच धरणी हलते’, तर त्याला उत्तर कोण देणार? उत्तर सोपे आहे. यंत्र धक्का देत नाही, धक्का ऐकते. उलट या वेधशाळेला स्वतःसाठीच अहोरात्र भूकंपमापक लागणार आहेत. त्यांच्या नोंदींचा सोपा मराठी सारांश कळमनुरी, औंढा, वसमत येथील शाळांना आणि ग्रामपंचायतींना नियमित का मिळू नये? पांगरा शिंदेच्या माणसाला जमिनीखालचा आवाज किती खोलवरून आला हे कळले, तर तो निदान अर्धी रात्र तरी शांत झोपेल. गुरुत्वीय लहर सापडायला अनेक वर्षे लागतील. हा लाभ पहिल्या दिवसापासून देता येण्याजोगा आहे.

प्रकल्पाशी संबंधित शास्त्रज्ञ जिल्ह्यातील शाळांत जाऊन बोलत आले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभी राहिलेली आयुकाची मुक्तांगण विज्ञान शोधिका पुण्यातील मुलांसाठी जे करते, तेही साऱ्यांना ठाऊक आहे. परंतु व्याख्यान हा पाहुणचार झाला. भाषेचे वास्तव्य वेगळे. त्यासाठी परिभाषा लागते, पाठ्यपुस्तक लागते, निर्वात यंत्रणेवर काम करू शकेल असा कळमनुरीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निघालेला तंत्रज्ञ लागतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात त्या विषयाचे अध्यापन लागते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सत्कार झाले, मिरवणुका झाल्या. त्या दर्जाची खरी परीक्षा दुधाळ्याच्या फाटकावर होणार आहे.

येथे आपल्या बाजूच्या काही उत्साही मंडळींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. गुरुत्वीय लहरींची बातमी आली की, ‘हे आमच्या ऋषींना ठाऊकच होते’ असे संदेश फिरू लागतात. भास्कराचार्यांनी आपल्या पूर्वसूरींच्या चुका नावे घेऊन दाखवल्या. दीक्षितांनी पंचांगातील चुकांवर कठोर लिहिले. त्यांचा वारसा सांगायचा तर गणित करावे लागते. घोषणा देऊन भागत नाही. संदेश पाठवायला लागणाऱ्या वेळात एखाद्या शाखेने, एखाद्या गणेश मंडळाने आपल्या तालुक्यातील दहा विज्ञान शिक्षकांना खोडदला नेऊन आणले, तर ती अधिक मोठी पूर्वजपूजा होईल. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, फाटके उघडतात. आसपासच्या शाळांतील मुले आपापले प्रयोग घेऊन येतात आणि ग्रामस्थ जत्रेला यावे तसे येतात. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी उत्सवाची ताकद ओळखली होती, विज्ञानानेही ती ओळखावी.

औंढ्याच्या नागनाथाची कथा मराठवाड्यात कोणाला सांगावी लागत नाही. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना पुढून हटवले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देवळाने तोंड फिरवले, असे परंपरा मानते. नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात आहे. नव्या वेधशाळेच्या चिरेबंदीत तोंड फिरवण्याची ती सोय आधीच करून ठेवली, तर पुढे चमत्काराची वाट पाहावी लागणार नाही.

ही वेधशाळा २०३०च्या सुमारास कार्यान्वित व्हावी असे नियोजन आहे. आज डोंगरकड्याच्या शाळेत पाचवी-सहावीत बसणारे मूल त्या वेळी नववी-दहावीत असेल. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वीय लहरींचा पाठ मराठीत हवा असेल, आणि त्या पाठात दुधाळ्याचे चित्र हवे असेल, तर लेखक, परिभाषा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांची तजवीज याच शैक्षणिक वर्षात व्हावी लागेल. शिक्षण खाते मुंबईत, अणुऊर्जा खाते मुंबईत, आयुका पुण्यात. तिघांच्या एकत्र बैठकीला हिंगोलीचा प्रवास करण्याइतपत रस्ता आता नक्कीच बरा झाला आहे.